पद्मिनीत नातवाची खुर्ची



या वेळी स्वयंपाकघर सोडून जरा आमच्या घरामागच्या शेडमध्ये चला. तिथे हिरव्या ताडपत्रीखाली आमची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. सासऱ्यांनी पैसे भरून नंबर लावला, कित्येक वर्षं वाट पाहिली आणि १९८२ साली ती सांगलीत आमच्या दारात आली. माझं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, म्हणजे घरात ती माझ्यापेक्षा थोरली. आमचे हे तिला अजून दर रविवारी पुसतात.

गेल्या मार्गशीर्षात लेक इंग्लंडहून आली. कडेवर चौदा महिन्यांचा नातू आणि सामानात एक भलीमोठी खुर्ची. मला वाटलं जेवायला बसवायची असेल. तर ती गाडीत बसवायची, बाळाची सीट! नातवाचं जावळ काढून झाल्यावर सगळ्यांनी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर जायचं, आणि तेही आजोबांच्या पद्मिनीतून, असं यांनी सहा महिने आधीच ठरवून ठेवलं होतं. लेक म्हणाली, "अण्णा, जाऊया की. पण आधी मागच्या सीटला पट्टे बसवा. तुमच्या गाडीत एकही पट्टा नाही, ही खुर्ची बांधायची कशाला?"

यांचा चेहरा पडला. "तुम्ही दोघं भावंडं याच गाडीत वाढलात."

लेकीने काही उत्तर दिलं नाही. फक्त कपाळावरचे केस बाजूला केले. डाव्या भुवईवर अजून पांढुरकी रेघ आहे.

ती रेघ माझ्या मांडीवरून आलेली आहे. १९८८ सालची गोष्ट. मी पुढे बसले होते, तीन वर्षांची लेक मांडीवर, माझे दोन्ही हात तिच्या पोटाभोवती. वळणावर उसाची बैलगाडी आडवी आली, यांनी ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता, गाडी कुठे आदळलीही नाही. पण लेक माझ्या हातांतून निसटली ती सरळ समोरच्या पत्र्यावर. माझ्या जुन्या हिशेबाच्या वहीत त्या दिवशी दूध आणि रद्दी यांच्यामध्ये एक ओळ आहे, "डॉक्टर, चार टाके". बी.कॉम. झालेल्या बाईने त्या दिवशीही नोंद चुकवली नाही, एवढंच. कोणी मला बोललं नाही. पण पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला विचारत राहिले, की मी घट्ट कशी धरली नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला मागच्या वर्षी मिळालं, तेही या खुर्चीचा इतिहास वाचताना. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी गाडीबद्दल, कारण ती आपल्याच माणसाची. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले, जन्म १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं, बोरघाटातले बोगदे, मग सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची जहाजं, बंगळूरचा विमानांचा कारखाना, असा त्यांचा पसारा. मोटारीचा कारखाना काढायचं त्यांच्या मनात बरंच आधीपासून होतं. सर विश्वेश्वरय्याही त्या खटपटीत होते. इंग्रज सरकारने काही हात दिला नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, मग इटलीच्या फियाटशी जमलं. शेठजी १९५३ साली गेले. फियाटची ११०० आपल्या रस्त्यावर आली ती त्यानंतर, १९५४ च्या सुमारास. तिच्या गोल नाकाडामुळे आपल्याकडे तिला "डुक्कर फियाट" म्हणायचे, माझ्या सासूबाईंना ते नाव मुळीच आवडायचं नाही. १९६४ ला ११०० डी आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. राणी पद्मिनीवरून हे नाव ठेवलं असं सांगतात. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, चारही चाकांना ड्रम ब्रेक. साच्यात फार फरक न करता ती २००० सालापर्यंत निघत राहिली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बातम्या बघताना यांनी चहा गार होऊ दिला होता.

लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना घेतलेली मोटार हीच, १९६४ ची फियाट. किंमत बारा हजार, हाताशी सात हजार, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज. ते गेल्यावर ललिताबाईंनी ते कर्ज आपल्या पेन्शनमधून फेडलं. हिशेबाची आवड असलेल्या बाईला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, विषय जरा सुटला तरी चालेल.

तर अशा या गाडीत पट्टे नव्हते. त्या काळात आपल्याकडे कोणी मागतही नव्हतं. आपल्या कायद्याने नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा केला १९९४ साली. आमची तेव्हा बारा वर्षांची होती, नियमाच्या आधीची.

पण जगात पट्टा त्याआधीच आला होता. आज आपण खांद्यावरून आणि कमरेवरून जो तीन टोकांचा पट्टा लावतो, तो १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन यांनी बनवला. हे गृहस्थ आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या खुर्च्यांवर काम करत होते, वैमानिकाला संकटात विमानातून बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या. कंपनीने त्या पट्ट्याचं पेटंट इतरांनाही वापरू दिलं. धंद्याच्या दृष्टीने बघा, केवढं सोडलं!

आणि मुलांचं काय? मैत्रिणींनो, मला सगळ्यात नवल इथे वाटलं. लहान मुलांच्या गाडीतल्या खुर्च्या अमेरिकेत १९३० च्या दशकापासून मिळत होत्या. पण त्या सुरक्षेसाठी नव्हत्याच. मूल जरा उंच बसावं, त्याला खिडकीबाहेर दिसावं, त्याने सीटवर उड्या मारू नयेत आणि चालवणाऱ्या आईबापांना ते नजरेसमोर दिसावं, एवढाच हेतू. पुढच्या सीटच्या पाठीला दोन आकड्यांनी अडकवायची, काहींना खेळण्यातलं स्टिअरिंगसुद्धा. ब्रेक लागला की मूल खुर्चीसकट पुढे. मूल जपण्यासाठी खुर्ची करायची, हा विचार यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये जीन एम्स नावाच्या बाईंनी आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी, एकमेकांपासून वेगळे, मुलाला पट्ट्यांनी धरून ठेवणारी खुर्ची तयार केली.

मग स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन. अमेरिकेचे अंतराळवीर जेमिनी यानात पाठीवर टेकून झोपल्यासारखे बसतात, म्हणजे उड्डाणाचा सगळा दाब त्यांच्या पूर्ण पाठीवर पसरतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या मनात आलं, बाळालाही असंच का बसवू नये? गाडी पुढे तोंड करून धावते, अडली की सगळं पुढे फेकलं जातं. बाळाचं तोंड मागे असेल तर धक्का त्याच्या मानेवर न येता पाठ, मान आणि डोकं या सगळ्यांवर खुर्चीच्या पाठीतून पसरेल. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने किती मोठं असतं ते आपल्याला न्हाऊ-माखू घालताना कळतंच, आणि मान किती नाजूक तेही. १९६४ साली त्यांची पहिली उलट्या तोंडाची खुर्ची व्होल्वोच्या पीव्ही ५४४ गाडीत बसवून पाहिली गेली. ही पीव्ही ५४४ आज स्वतःच जुन्या मोटारींच्या हौशी लोकांची लाडकी आहे. म्हणजे जुन्या गाडीत बाळाची खुर्ची ही काही नवी गोष्ट नाही, खुर्चीचा जन्मच तिथे झाला आहे. हे मी यांना वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा जरा सैल झाले.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथे मर्फ्रीझबरो गावात रॉबर्ट सँडर्स नावाचे मुलांचे डॉक्टर होते. गाडीत लहान मुलांना खुर्चीत बांधणं कायद्याने सक्तीचं करावं म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी पॅट आमदारांच्या मागे लागले. १९७६ ला प्रयत्न फसला. १९७७ ला कायदा झाला, १ जानेवारी १९७८ पासून लागू. चार वर्षांखालच्या मुलांसाठी असा कायदा करणारं हे तिथलं पहिलं राज्य. पण मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसली. खुर्ची नसेल तर मोठ्या माणसाने मूल हातात धरलं तरी चालेल! आमदारांना वाटलं असेल, आईच्या हातांपेक्षा सुरक्षित काय असणार? डॉ. सँडर्स या पळवाटेला "मूल चिरडणारं कलम" म्हणायचे. कारण गाडी आदळली की हातातलं मूल सुटतं. आणि सुटलं नाही तर त्याहून वाईट, कारण मागून आईचं सगळं वजन त्याच्यावर येतं आणि ते तिच्या आणि पुढच्या पत्र्याच्या मध्ये सापडतं. पुढची चार वर्षं ते यासाठी भांडले आणि १९८१ साली ते कलम काढून टाकलं गेलं. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे झाले.

मी मग लेकाला गणित घालायला सांगितलं, तो इंजिनियर आहे. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते आहे आणि आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबते असं धरा. आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण वीस पट जोर येतो. आमचा नातू दहा किलोचा. म्हणजे त्या क्षणी तो दोनशे किलोचा. दहा किलोचा तांदळाचा डबा फळीवरून उतरवताना मी कोणाला तरी हाक मारते, आणि दोनशे किलो मी दोन हातांनी धरणार होते. कागदावरचा तो आकडा मी बराच वेळ बघत बसले.

आपल्याकडचा कायदा फार उशिरा आला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने १ सप्टेंबर २०१९ पासून असं झालं, की चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा मुलांची खुर्ची यांशिवाय गाडीत असेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. कितीजणींना हे ठाऊक आहे? मलाही नव्हतं. लेकीच्या देशात तर त्याहून कडक आहे. गाडी जुनी असेल, मुळातच पट्ट्यांशिवाय बनलेली असेल, तर तीन वर्षांखालच्या मुलाला तिच्यात बसवताच येत नाही, आणि त्यावरच्या मुलांनी फक्त मागे बसायचं. लेक म्हणाली, "तिकडे मी याला या गाडीत बसवलं असतं तर तो गुन्हा झाला असता. इकडे आलं म्हणून बाळाची मान बदलते का?"

यावर यांच्याकडे काही उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन बाहेर पडले.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, "साहेब, नायलॉनची दोरी घ्या, खुर्ची पुढच्या सीटला आवळून बांधा, हलणार नाही." दुसरीकडे म्हणाले, सीटच्या लोखंडी सांगाड्याला पट्टा वेल्ड करतो. हे सुदैवाने परत आले. मग लेकाने फोनवरून समजावलं. पद्मिनीची मागची गादी नुसती ठेवलेली असते, उचलली की हातात येते. तिच्या सांगाड्याला पट्टा बांधला तर अपघातात गादी, सांगाडा, पट्टा, खुर्ची आणि बाळ असं सगळं मिळून पुढे येईल. पट्टा धरायला हवा तो गाडीच्या अंगाने, म्हणजे तळाच्या पत्र्याने आणि खांबाने. नव्या गाड्यांत सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. सहा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. खुर्ची त्यांच्यात खटकन बसते. आमच्या गाडीत त्या कुठल्या असायला! त्यामुळे पट्ट्यानेही बांधता येईल अशीच खुर्ची लेकीने निवडून आणली होती. जुनी गाडी असेल त्यांनी घेण्याआधी पुस्तिकेत हे बघावं. फक्त कमरेचा दोन टोकांचा पट्टा चालेल की तीन टोकांचाच हवा, तेही बघावं, बहुतेक खुर्च्यांना तीन टोकांचाच लागतो. आणि मोठ्या मुलांना उंच करायला पाठ नसलेलं जे नुसतं आसन मिळतं, ते कमरेच्या पट्ट्याबरोबर कधीच वापरायचं नाही. मूल कमरेतून पुढे दुमडतं आणि पट्टा पोटात रुततो.

शेवटी यांना त्यांचे जुने मिस्त्री आठवले, आता सत्तरीचे. आयुष्य फियाटखाली गेलेलं. त्यांनी गादी उचलली, कार्पेट काढलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा ठोकत गेले. खण, खण, खण, आणि डाव्या कोपऱ्यात एकदम भद्. तिथे गंज! बाहेरून रंग चकचकीत, आत बोट जाईल एवढं भोक. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, इथं पट्टा लावला असता तर बोल्ट पत्र्यासकट हातात आला असता." यांनी चाळीस वर्षं जिला पुसली ती खालून खात चालली होती. यांचा चेहरा बघवेना.

काम आठ दिवस चाललं. पेट्रोलची टाकी उतरवली, मगच वेल्डिंग. कुजका पत्रा कापून नवा जोडला. बोल्ट जिथे येणार तिथे खालून जाड लोखंडी पाट्या दिल्या, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. साडीला पिन लावताना आतून कापडाचा तुकडा धरतो ना, तसंच. सीट बेल्टचे बोल्ट साध्या दुकानातले चालत नाहीत. ७/१६ इंची, बारीक आट्यांचे, खास कडक पोलादाचे असतात. वरचं टोक मागच्या खांबाला, तिथेही आतून पाटी. पट्टे नवे घेतले, मोडीतले नाहीत, कारण एकदा अपघात सोसलेला पट्टा बाहेरून कळत नाही. हिशेबाच्या वहीत पान भरलं. खुर्चीपेक्षा पत्रा महाग पडला.

मग खुर्ची. तिच्या कडेला रंग दिलेले असतात. बाळाचं तोंड मागे असेल तेव्हा पट्टा निळ्या खुणांमधून न्यायचा, पुढे असेल तेव्हा लाल. आम्ही पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा पट्टा बरोबर गेला, पण स्प्रिंगची गादी एवढी दबली की खुर्ची कलंडली. मिस्त्रींनी गादी सीटकव्हरवाल्याकडे पाठवून आतल्या सैल झालेल्या स्प्रिंगा बदलून आणल्या. तिसऱ्यांदा लेकीने गुडघा खुर्चीत रोवून, सगळं वजन टाकून पट्टा ओढला. मग पट्टा जिथून जातो तिथे खुर्ची धरून गदागदा हलवली. इंचभराच्या आत हलली पाहिजे, जास्त नाही. अर्धा इंच हलली. पट्ट्याचा खटका खुर्चीच्या कडेवर वाकून बसत नाही ना, तेही पाहिलं, नाहीतर धक्क्यात तो उघडू शकतो.

इतकं करूनही लेकाने फोनवर एक गोष्ट सांगितली ती यांना बोचली. "अण्णा, पट्टा बसला, छान झालं. पण कारखान्यात आदळून तपासलेल्या गाडीची बरोबरी याने होत नाही. ड्रम ब्रेक तेच, पुढचा पत्रा तोच, स्टिअरिंगचा दांडा तोच. हायवेला बाळाला घेऊन जाऊ नका." यांनी फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "बरोबर बोलतोय तो."

तर बाहुबलीला आम्ही लेकीच्या मावसभावाच्या नव्या गाडीतून गेलो. खुर्ची त्या गाडीत पाच मिनिटांत बसली. पद्मिनीतून नातू गेला तो फक्त गावातल्या मंदिरापर्यंत, दीड किलोमीटर, सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा असताना, सायकलच्या वेगाने. मागे खुर्चीत उलट्या तोंडाने नातू, शेजारी लेक. यांनी हॉर्नही वाजवला नाही. नातू मागच्या काचेतून पळणारी झाडं बघत होता आणि मध्येच बांगडी वाजवल्यासारखा हसत होता.

मी पुढे बसले होते. पहिल्यांदाच त्या सीटवर मांडी रिकामी होती, आणि हात कुठे ठेवावेत ते मला मंदिर येईपर्यंत सुचलं नाही.